लुकलुकणे म्हणजे चमकणे नव्हे

'लुकलुकणे' आणि 'चमचमणे' एकाच अर्थाने वापरले तर चालेल का, आणि हिऱ्याला यांतले कोणते लावावे, असा प्रश्न आला आहे. चालणार नाही. 'हिऱ्यांचा लुकलुकता हार' असे हल्ली जाहिरातींत सर्रास वाचायला मिळते आणि दर वेळी चीड येते.

चमचम, झगमग, लखलख यांचे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांत उजेडाचे प्रमाण आहे, झोत आहे. लुकलुकण्यात मात्र उजेडापेक्षा त्याचे नाहीसे होणे महत्त्वाचे. दिसले, लपले, पुन्हा दिसले!

हे 'लपणे' त्या शब्दाच्या पोटातच आहे, असे माझे ठाम मत आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचे व्याकरण लिहिले. त्यात 'नि + ली', म्हणजे दडणे, या धातूच्या जागी येणारी प्राकृत रूपे तो देतो आणि त्यांत 'णिलुक्क' व 'लुक्क' आहेत. हिंदीतले 'लुकना' आणि 'लुकाछिपी' याच घरातले. त्या 'लुक'ची द्विरुक्ती केली की लपत-लपत दिसणारा उजेड डोळ्यांपुढे उभा राहतो. आणखी मागे जा. पाणिनीचे सूत्र आहे, 'प्रत्ययस्य लुक्श्लुलुपः' (१.१.६१). प्रत्यय नाहीसा होतो तेव्हा त्या नाहीसे होण्याची जी नावे त्याने ठेवली, त्यांत पहिलेच 'लुक्'. हा धागा थेट जोडता येतो असे सिद्ध झालेले नाही, पण मला तो सोडवत नाही.

काही अभ्यासक हा शब्द नुसता अनुकरणवाचक ठरवून मोकळे होतात. खळखळ, धडधड यांना आवाज आहे. लुकलुकणारा तारा कसला आवाज करतो, ज्याचे अनुकरण व्हावे? उजेडाचा शब्द दिसला की 'अनुकरणवाचक' म्हणायचे, हा निव्वळ आळस आहे.

'शुक्र लुकलुकत होता' हेही तसेच चुकीचे. तारा इतका दूर असतो की आपल्याला तो केवळ बिंदू दिसतो. हलत्या हवेतून येताना त्याचा किरण क्षणोक्षणी वाकतो आणि तारा लुकलुकतो. ग्रहाची छोटीशी तबकडी असते, तिच्या निरनिराळ्या भागांचे चढउतार एकमेकांना भरून काढतात. म्हणून शुक्र एरवी स्थिर तेजाने तळपतो. क्षितिजालगत दाट हवेतून पाहाल तर तोही थोडा थरथरेल, तेवढाच अपवाद.

मिणमिणणे आणखी वेगळे. तेल संपत आलेला दिवा मिणमिणतो, म्हणजे मंद जळतो, लपत नाही. काजवा मात्र खरा लुकलुकतो.