पहिल्यांदाच लाइनवर झेंडा घेऊन उभं राहायचंय, ऑफसाइड नक्की बघायचा कसा?

तुम्ही विचारलंय की पोराच्या शाळेच्या टूर्नामेंटमध्ये आयोजकांनी तुम्हाला लाइन्समन केलंय, नियम वाचून झालाय, व्हिडिओ पण बघितलेत, पण पास तिकडे निघतो आणि स्ट्रायकर इकडे पळत असतो, हे दोन्ही एकाच वेळी बघायचं कसं. अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय तुम्ही. नियम तोंडपाठ असलेली माणसंसुद्धा झेंडा हातात आला की इथंच अडकतात. मी कोल्हापुरात लोकल मॅचना लाइन करतो, त्यामुळे मैदानावर जसं करतो तसं सांगतो. जरा लांबेल, पण नीट वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ऑफसाइड देताना दोन वेगवेगळे निर्णय घ्यायचे असतात. पास निघाला त्या क्षणी तो प्लेअर कुठे होता हा पहिला, आणि त्यानंतर त्याने काय केलं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर डोक्यात फोटो काढून ठेवल्यासारखं ठेवायचं आणि दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत झेंडा खालीच. नुसतं ऑफसाइड पोझिशनला उभं राहणं हा गुन्हाच नाही, अख्खी मॅच तो पोरगा तिथं उभा राहिला तरी चालतं. गडबड होते ती लाइन्समन हे दोन्ही निर्णय एकाच झटक्यात घ्यायला जातो म्हणून.

आता पोझिशनचं बघू, म्हणजे प्लेअर ऑफसाइड पोझिशनला कधी धरायचा. समोरच्या टीमच्या हाफमध्ये असला पाहिजे (हाफ लाइन त्यात धरत नाहीत), बॉलच्या पुढे असला पाहिजे, आणि शेवटून दुसऱ्या विरोधी प्लेअरच्या पुढे असला पाहिजे. तिन्ही गोष्टी एकदम हव्यात. डोकं, अंग, पाय यातलं काहीही पुढे असेल तर तो पुढे, हात मात्र मोजत नाहीत, कुणाचेच नाहीत, गोलकीपरचे पण नाहीत. आणि बरोबरीत असेल तर ऑफसाइड नाही. हे बरोबरीचं 1990 पासून आहे, त्याच्या आधी बरोबरीतला पण ऑफसाइड धरायचे, त्यामुळे जुन्या काळात खेळलेले काही काका अजून बाहेरून ओरडत असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

"शेवटून दुसरा" यावर जरा थांबतो कारण नव्वद टक्के भांडणं इथलीच. लोक सोयीसाठी "लास्ट डिफेंडर" म्हणतात, कारण बहुतेक वेळा कीपर सगळ्यात मागे असतो आणि त्याच्या पुढचा डिफेंडर हा शेवटून दुसरा ठरतो. पण कीपर गोल सोडून पुढे आला की हिशोब बदलतो. 2022 च्या वर्ल्डकपची पहिलीच मॅच आठवा, कतार आणि इक्वेडोर, तिसऱ्याच मिनिटाला एनर व्हॅलेन्सियाने हेडर मारून गोल केला आणि तो कॅन्सल झाला, टीव्हीसमोर बसलेले सगळे म्हणत होते की अरे मागे कतारचा डिफेंडर उभा दिसतोय की, मग ऑफसाइड कसला? तर कीपर बॉल घ्यायला पुढे आला होता, त्यामुळे मागे राहिलेला तो एकटा डिफेंडर हा शेवटचा माणूस झाला, शेवटून दुसरा त्याच्यापेक्षा हाफ लाइनच्या बाजूला होता आणि मूव्हच्या आधीच्या टप्प्यात इक्वेडोरच्याच एस्त्राडाचा पाय त्या शेवटून दुसऱ्यापेक्षा गोलच्या जवळ गेलेला होता. निर्णय शंभर टक्के बरोबर. शाळेच्या मॅचमध्ये तर कीपर पोरं सारखी गोल सोडून पळतात, तेव्हा कीपर बाहेर आला रे आला की मनात नव्याने मोजा, मागून एक, मागून दोन.

पूर्वी हा आकडा तीन होता. 1925 मध्ये तीनाचे दोन केले आणि इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये आदल्या सीझनला 1192 गोल झाले होते ते पुढच्या सीझनला 1703 झाले. एका माणसाचा फरक, पण अख्खा खेळ बदलला. म्हणून मला हा नियम इतका आवडतो.

थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर या तीन ठिकाणी बॉल डायरेक्ट मिळाला तर ऑफसाइड नसतो. फ्री किकला असतो, हे पक्कं लक्षात ठेवा, फ्री किकला पण सूट आहे असा बऱ्याच पालकांचा समज असतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. दोन ठिकाणी एकदम बघता येत नाही, कुणालाच नाही. म्हणून अनुभवी लाइन्समन डोळे लाइनवर ठेवतो, म्हणजे शेवटून दुसरा डिफेंडर आणि त्याच्या आसपासचे अटॅकर यांच्यावर, आणि पास मारणारा नुसता नजरेच्या कोपऱ्यात ठेवतो. बॉलला पाय लागल्याचा जो आवाज येतो ना, धप्प, तो कानाने पकडायचा आणि त्याच क्षणी लाइनवर जे दिसतंय ते डोक्यात गोठवायचं. आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लब या दोन लोकल टीमची मॅच असली की गॅलरीच्या आवाजात किक ऐकूच येत नाही, तिथं पास मारणाऱ्याची बॉडी वाचावी लागते, त्याने मान वर केली, टेकायचा पाय बॉलच्या बाजूला रोवला, म्हणजे आता जाणार. शाळेच्या ग्राउंडवर तुम्हाला आवाज ऐकू येईल, तो वापरा. वॉर्मअपच्या वेळी दोन मिनिटं लाइनवर उभं राहून बॉलकडे न बघता नुसत्या किक ऐकायचा सराव करा, फरक लगेच कळेल.

बॉलकडे बघून मग मान वळवून स्ट्रायकरकडे बघायला गेलात तर काय होतं ते सांगतो. स्ट्रायकर पुढे पळतोय समजा सेकंदाला सात मीटरने आणि डिफेंडर ऑफसाइड ट्रॅपसाठी, म्हणजे मुद्दाम स्ट्रायकरला ऑफसाइडला मागे सोडण्यासाठी, उलटा बाहेर येतोय सेकंदाला पाच मीटरने, म्हणजे दोघांमधलं अंतर सेकंदाला बारा मीटरने बदलतंय. तुमची मान वळायला सेकंदाचा दहावा भाग लागला तरी सव्वा मीटरच्या आसपास फरक पडला. पास निघाला तेव्हा बरोबरीत असलेला पोरगा तुम्हाला सव्वा मीटर पुढे दिसणार, आणि तुम्ही अगदी प्रामाणिकपणे चुकीचा झेंडा वर करणार. त्यामुळे शंका आली तर झेंडा खाली, फायदा अटॅकरला.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमची उभं राहायची जागा, आणि माझ्या मते अर्धं काम इथंच होतं. शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या अगदी समांतर राहायचं, तो एक पाऊल हलला की तुम्ही एक पाऊल. हळू मूव्हमेंट असेल तर तोंड मैदानाकडे ठेवून आडवं सरकायचं, स्पीड वाढला की मग सरळ पळायचं. बॉल त्या डिफेंडरच्याही पुढे गेला तर तुमची लाइन म्हणजे बॉल, मग गोल लाइनपर्यंत बॉलबरोबर जायचं.

का, ते बघा. समजा अटॅक फास्ट आला आणि तुम्ही लाइनपेक्षा दोन पावलं मागे, हाफ लाइनकडे राहिलात. आता तुमची नजर तिरकी जाते. तुमच्या जवळच्या बाजूला अटॅकर आणि लांबच्या बाजूला डिफेंडर असेल, आणि दोघं अगदी बरोबरीत असतील, तरी तुम्हाला अटॅकर पुढे दिसणार. उलट डिफेंडर जवळ आणि अटॅकर लांब असेल तर खरोखर पुढे गेलेला अटॅकर पण तुम्हाला बरोबरीत दिसणार. तुम्ही लाइनच्या पुढे निघून गेलात तर हेच सगळं उलटं. म्हणून मागे राहिलात असं जाणवलं तर स्वतःच्या डोळ्यांवर तेवढा विश्वास कमी ठेवा आणि अटॅकर कोणत्या बाजूला होता ते आठवून मग ठरवा. गॅलरीत बसून "क्लिअर ऑफसाइड" ओरडणाऱ्याला हा तिरका अँगल असतोच, त्याचा दोष नाही, त्याला खरंच तसं दिसतं.

कतारच्या वर्ल्डकपला यासाठी छताखाली 12 कॅमेरे होते, प्रत्येक प्लेअरच्या अंगावरचे 29 पॉइंट सेकंदाला 50 वेळा टिपायचे आणि बॉलच्या आत सेन्सर होता तो सेकंदाला 500 वेळा डेटा पाठवायचा. एवढं सगळं कशासाठी, तर किकचा क्षण आणि लाइन जुळवण्यासाठी. त्याच वर्ल्डकपमध्ये अर्जेंटिनाचे सौदीविरुद्ध पहिल्या हाफमध्येच तीन गोल ऑफसाइडला गेले, एक मेस्सीचा आणि दोन लाउतारोचे, आणि सौदीने मॅच 2-1 ने काढली. तुमच्याकडे दोन डोळे आहेत, तेव्हा अंगठ्याएवढा ऑफसाइड तुम्ही पकडावा अशी अपेक्षा कुणीही करू नये आणि तुम्ही पण करू नका. फूटभर, दीड फूट पुढे असलेला सुटला नाही पाहिजे, बस.

आता दुसरा निर्णय, त्याने काय केलं. बॉलला टच केला तर सोपं आहे, ऑफसाइड. टच न करता पण ऑफसाइड होतो, कीपरच्या नजरेच्या आड उभा राहिला, बॉलसाठी डिफेंडरला भिडला, किंवा जवळच्या बॉलवर झेपावला आणि त्यामुळे डिफेंडरला खेळता आलं नाही, तर होतो. शॉट पोस्टला लागून किंवा कीपरच्या सेव्हवरून परत आला आणि आधीपासून ऑफसाइडला असलेल्याने तो ढकलला तरी होतो. शाळेच्या मॅचमध्ये हा रिबाउंडवाला सगळ्यात जास्त येतो, नीट लक्ष ठेवा.

जानेवारी 2023 ची मँचेस्टर डर्बी, म्हणजे युनायटेड विरुद्ध सिटी, बघितली असेल तर युनायटेडचा रॅशफोर्ड आठवेल. पास आला तेव्हा तो ऑफसाइडला होता, बॉलच्या मागे पळत राहिला पण टच केला नाही आणि मागून ब्रुनो फर्नांडिसने येऊन गोल मारला. लाइन्समनने झेंडा दाखवला होता, रेफ्रीने शेवटी गोल दिला. माझं मत विचाराल तर तो ऑफसाइडच होता. बॉल पायाशी घेऊन निघाल्यासारखा तो इतका वेळ पळतो, डिफेंडर आणि कीपर दोघंही त्याच्याच हिशोबाने जागा घेतात, मग त्याचा खेळावर परिणाम झाला नाही असं कसं म्हणायचं? तुमच्यासमोर असं काही घडलं तर झेंडा वर करून रेफ्रीला बोलवा आणि काय दिसलं ते सांगा, शेवटचा निर्णय त्याचा.

डिफेंडरचा पाय लागून बॉल ऑफसाइडवाल्याकडे गेला तर? हा खरा किचकट भाग आहे. डिफेंडर मुद्दाम आणि सावरून बॉल खेळला तर ऑफसाइड पुसला जातो, नुसता अंगावर आपटून उडाला किंवा त्याने गोल वाचवला तर पुसला जात नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये नेशन्स लीगच्या फायनलला स्पेनच्या एरिक गार्सियाने घसरत जाऊन बॉलला जेमतेम पाय लावला आणि मागे ऑफसाइडला असलेल्या एम्बापेचा गोल धरला गेला, त्यावरच फ्रान्स जिंकला. खूप आरडाओरडा झाला, आणि 2022 मध्ये नियम बनवणाऱ्यांनी खुलासा केला की डिफेंडरला बॉल येताना नीट दिसला का, बॉलचा स्पीड किती होता, अंग सावरायला वेळ मिळाला का, हे बघायचं. मला हा खुलासा फार योग्य वाटतो, जिवाच्या आकांताने पाय लांब करणाऱ्या डिफेंडरला शिक्षा कशाला. पोरांच्या मॅचला सरळ असं बघा, तो बॉल त्याच्या कंट्रोलमध्ये होता का, नसेल तर ऑफसाइड कायम.

झेंड्याचं तंत्र थोडक्यात. आधी थांबा, मैदानाकडे तोंड करा, मग उजव्या हाताने झेंडा सरळ वर. पळता पळता हलवू नका. शिट्टी वाजली की झेंड्याने जागा दाखवायची, पलीकडच्या बाजूला असेल तर तिरका वर, मधे असेल तर समोर आडवा, तुमच्या बाजूला असेल तर तिरका खाली. रेफ्रीने हाताने "राहू दे" केलं की गुपचूप खाली घ्यायचा, मागून कोण काय बोलतंय ते ऐकायचं नाही. खेळ सुरू होतो इनडायरेक्ट फ्री किकने (हिच्यावरून डायरेक्ट गोल धरत नाहीत), आणि ती जिथं तो पोरगा खेळात आला तिथून. ऑफसाइडला असलेला परत येऊन स्वतःच्या हाफमध्ये बॉलला भिडला तर फ्री किक त्या हाफमध्ये पण मिळते, 2016 पासून.

पळत येणारे दोन अटॅकर असतील, एक ऑफसाइडला आणि एक मागून बरोबर टायमिंगने येणारा, तर झेंडा अजिबात लगेच उचलू नका. बॉल कोण घेतोय ते कळू द्या. दोन सेकंद उशिरा गेलेला बरोबर झेंडा चालतो, पण ज्या पोराने नीट टायमिंग साधून रन काढलीय त्याचा गोल घाईच्या झेंड्याने मारला गेला तर ते परत देता येत नाही, शिट्टी वाजली की संपलं.

शेवटचं, मॅचच्या आधी रेफ्रीला गाठा आणि दोन-तीन गोष्टी स्पष्ट विचारा. या वयोगटाला ऑफसाइड ठेवलाय का, कारण लहान पोरांच्या छोट्या मैदानावरच्या मॅचला बरेच आयोजक ठेवत नाहीत, फुटसालला तर तो नसतोच. ठेवला असेल तर तुम्ही ऑफसाइड द्यायचाय की फक्त बॉल बाहेर गेलेला दाखवायचाय, कारण पालक लाइनवर असले की काही रेफ्री ऑफसाइड स्वतःकडेच ठेवतात. आणि तुमचा स्वतःचा पोरगा त्याच मॅचला खेळणार असेल तर ते आधीच सांगून टाका आणि शक्य असेल तर दुसऱ्या मॅचची लाइन मागून घ्या.