गाडीत पेट्रोलचा वास येतोय? आधी हे बघा

वास नेमका कधी येतो, तिथून सुरुवात करा. टाकी फुल केल्यावरच येत असेल तर झाकणाचं रबर बोटाने चाचपा. चिरलं असेल तर झाकण बदला. आणि नोझल आपोआप बंद झाल्यावर वरून आणखी पेट्रोल भरू नका. ते चारकोल कॅनिस्टरमध्ये (टाकीतली पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात) शिरतं आणि कॅनिस्टर कामातून जातो.

बॉनेटखालचा वास जास्त धोक्याचा. इंजिन थंड असताना, इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) फ्युएल रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) जोडतो तिथे टॉर्च मारा. धूळ चिकटून झालेला ओलसर, काळपट डाग दिसला तर बहुधा ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) गेली. थेंब गळत असेल तर गाडी सुरूच करू नका, ओढून न्या.

नुसता डाग असेल तरी पेट्रोलच्या लाइनमध्ये साधारण ३ ते ४ बार दाब असतो. म्हणून सांधा उघडण्याआधी गाडीतल्या फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, ते थंड होऊ द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. नवी ओ-रिंग इंजिन ऑइलचं बोट लावूनच बसवा; कोरडी ढकलली की काठ कापला जातो. शेवटी फ्यूज आणि तार परत जोडा, इंजिन सुरू न करता किल्ली दोन-तीनदा ऑन करा आणि सांधा कोरडा आहे का बघा.