डिप्लोमा मेकॅनिकलनंतर चाकणच्या कंपनीत क्वालिटी ट्रेनीची मुलाखत आहे, तयारी कशी करू?

तू लिहिलंयस की गाव बार्शी, डिप्लोमा मेकॅनिकल, वर्षभर मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसलास, इंग्रजी कच्चं आहे आणि आठ दिवसांनी चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मुलाखत आहे. मी याच पट्ट्यात क्वालिटी खात्यात नोकरी करतो आणि डिप्लोमावाल्या पोरांच्या मुलाखती घ्यायला मला बसवतात. वयाने बराच लहान दिसतोस, म्हणून अरे-तुरे करतोय.

इंग्रजीची चिंता आधी सोड. ट्रेनीची मुलाखत आमच्याकडे निम्म्याहून जास्त मराठी-हिंदीतच होते. टॉलरन्स (मापात चालणारी कमी-जास्त), रिजेक्शन, रीवर्क, लॉट हे शब्द इंग्रजी असतात, पण ते तुला येतातच. ‘स्वतःबद्दल सांगा’ एवढं मात्र इंग्रजीत विचारतील. चार साधी वाक्यं तयार ठेव: नाव-गाव, शिक्षण, प्रोजेक्ट, सध्या काय करतोस. ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेअर’ वगैरे प्रत्येक पोरगा म्हणतो, त्यामुळे ते कुणी ऐकत नाही.

खरी मुलाखत त्यानंतर सुरू होते. टेबलावर एक व्हर्निअर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) आणि एखादा टर्न केलेला जॉब, म्हणजे लेथवर कातलेला पार्ट, ठेवलेला असतो. ‘लीस्ट काउंट (साधनाने मोजता येणारं सगळ्यात छोटं माप) किती?’ याला ‘०.०२’ असं सगळे सांगतात. ‘कसा काढला?’ म्हटलं की निम्मे गप्प. मेन स्केलचे ४९ मिमी व्हर्निअरवर ५० भागांत विभागलेत, म्हणून एका भागाचा फरक ०.०२ मिमी. मायक्रोमीटरचा पिच (एका फेऱ्यात स्क्रू जेवढा सरकतो ते अंतर) ०.५ मिमी, थिंबलवर, म्हणजे फिरत्या नळीवर, ५० भाग, म्हणून ०.०१. हे पाठ करू नकोस, कागदावर काढून बघ. आणि व्हर्निअर हातात दिला की आधी जबडे पुसून, मिटवून झिरो एरर बघ, मग जॉबला लाव. तू काय बोलतोस याआधी आम्ही हेच बघत असतो. कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये ओळख असेल तर एक दुपार तिथे काढ, नाहीतर गावातल्या एखाद्या लेथवाल्याकडे जा.

पुढचा प्रश्न बहुतेक इथेच फुटतो: २० एच-७ चं होल आहे (२० मिमी व्यास, एच-७ हा टॉलरन्सचा वर्ग), कशाने मोजशील? एच-७ म्हणजे या साइजला ० ते +०.०२१, म्हणजे सगळा टॉलरन्स २१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). आमच्याकडे ढोबळ नियम असा, की साधनाचा लीस्ट काउंट टॉलरन्सच्या एक दशांशाच्या आसपास हवा. म्हणजे व्हर्निअर बाद. डिजिटल व्हर्निअरवर ०.०१ दिसतं, पण त्याची अचूकता साधारण ±०.०२ असते, म्हणून तोही बाद. एक मायक्रॉनचा डायल लावलेला बोअर गेज (होलचा आतला व्यास मोजणारा), हवेच्या दाबावर मोजणारा एअर गेज, किंवा नुसतं पास-नापास बघायचं असेल तर प्लग गेज (होलात घालून बघायचा ठरल्या मापाचा दांडा). ‘व्हर्निअर का नाही’ हे कारणासकट सांगणाऱ्या पोराचं नाव मी बाजूला लिहून ठेवतो.

प्लग गेजवरून उलटतपासणी होईल. होलसाठी गो बाजू सगळ्यात लहान चालणाऱ्या मापाची, नो-गो सगळ्यात मोठ्या मापाची. गो गेलाच नाही तर होल लहान आहे, रीमर मारून वाचेल. नो-गो आत गेला तर होल मोठं झालं, बहुधा स्क्रॅप. शाफ्टला सगळं उलटं: मोठा असेल तर ग्राइंड करता येतो, लहान झाला की संपलं.

आता माझा आवडता प्रश्न. ‘तू लाइनवर उभा आहेस, दुपारी तीनच्या तपासणीत एका पीसचं होल मोठं सापडलं. काय करशील?’ बहुतेक जण लगेच फिशबोन (कारणांची माशाच्या काट्यासारखी आकृती) काढायला आणि ‘फाइव्ह व्हाय’ (पाचदा ‘का?’) विचारायला लागतात. कारण शोधायचंच आहे, पण नंतर. आधी तो पीस पुन्हा मोजायचा, लाल टॅग लावून लाल पेटीत टाकायचा, ऑपरेटरला मशीन थांबवायला सांगायचं, सुपरवायझरला कळवायचं. मग शेवटचा ओके पीस कधी मोजला होता ते बघायचं. तो एक वाजताचा असेल तर एक ते तीनमधला सगळा माल संशयित. तो वेगळा काढून शंभर टक्के तपासायचा, आणि त्यातला काही पॅकिंगला किंवा गाडीत गेला असेल तर तोही अडवायचा. एवढं झाल्यावर टूल घासलं, ऑफसेट चुकला की इन्सर्ट बदलताना गडबड झाली ते बघ. मुलाखतीत हा क्रम जरी नीट सांगितलास तरी बाकीच्या दोन प्रश्नांना अडखळलेला चालतो.

याला जोडून कुणीतरी प्रॉडक्शनवाल्याचं सोंग घेऊन म्हणेल, ‘अरे, दहा मायक्रॉनने काय होतंय, गाडी उभी आहे, सोडून दे!’ इथे शूर होऊन भांडू नकोस, मान पण डोलवू नकोस. ‘सर, हे पास करायचा अधिकार मला नाही, मी सीनिअरना बोलावतो’ एवढं पुरे. ट्रेनीकडून आम्हाला नेमकं हेच हवं असतं.

ऑटो कंपन्यांच्या क्वालिटीच्या ‘कोअर टूल्स’ नावाच्या पाच पद्धतींबद्दल यूट्यूबवर बघून घाबरला असशील. एपीक्यूपी (नव्या पार्टच्या क्वालिटीचं नियोजन), पीपॅप (पार्टला ग्राहकाची मंजुरी), एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच विचार), एमएसए (मोजण्याच्या पद्धतीचीच तपासणी), एसपीसी (आकडेवारीने प्रक्रियेवर नजर) ही पाच नावं आणि प्रत्येकाचा उपयोग एका वाक्यात आला की ट्रेनीला बास. पीपॅपची १८ कागदपत्रं घोकायची गरज नाही. सात क्यूसी टूल्समधली पॅरेटो (दोष जास्त ते कमी क्रमाने दाखवणारा आलेख) आणि चेकशीट (दोष मोजायचा तक्ता) मात्र हाताने काढता आली पाहिजेत. बायोडेटात ‘एसपीसी’ लिहिलंस तर सीपीके (प्रक्रिया टॉलरन्समध्ये किती आरामात बसते त्याचा आकडा) १.३३ म्हणजे काय ते विचारलं जाणारच. येत नसेल तर तो शब्द आजच खोड. बायोडेटा एका पानाचाच ठेव.

प्रोजेक्टचं सांगतो. चौघांच्या ग्रुपमध्ये काम एकाने केलेलं असतं आणि कधीकधी मॉडेलच बाहेरून आणलेलं असतं, हे आम्हाला ठाऊक आहे, आम्हीही डिप्लोमाच केलाय. तुझ्या वाट्याला जे आलं तेवढं खरं सांग. पण त्यातल्या निदान एका पार्टचं मटेरियल, ड्रॉइंग आणि तो कोणत्या मशीनवर झाला हे तुला माहीत हवं.

आणि आता ती गॅप, जी तू लपवायची कशी म्हणून विचारतोयस. अजिबात लपवू नकोस. हार्डवेअरच्या दुकानात तू वर्षभर बोल्ट विकलेस! त्यांच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं ते हजारदा पाहिलं असशील. पहिला ८ म्हणजे टेन्साइल स्ट्रेंग्थ (तुटेपर्यंतचा ताण) ८०० एमपीए, दुसरा ८ म्हणजे यील्ड (कायमचा ताणला जाऊ लागतो तो ताण) त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४०. एम-८ चा (८ मिमी बोल्टचा) नेहमीचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी, एम-१० चा १.५. बारीक आट्यांचा बोल्ट जाड आट्यांच्या नटात जात नाही म्हणून गिऱ्हाईक परत आलं असेल, तो किस्सा सांग. एमएस (साधं पोलाद), जीआय (जस्ताचा थर दिलेलं), एसएस (स्टेनलेस) यातला फरक तू चुंबक लावून आणि वरची चकाकी बघून ओळखत असशील. हे ज्ञान घेऊन येणारा डिप्लोमावाला मला क्वचित भेटतो. उरलेल्या आठ दिवसांत दुकानातल्या दहा वस्तू घे आणि प्रत्येकीचं माप, मटेरियल, ग्रेड वहीत लिही. मामांना विचार कोणता माल का परत येतो. तेच तुझं क्वालिटीचं पहिलं काम समज.

किरकोळ गोष्टी. बूट घालून ये, कारण शॉप फ्लोअर दाखवायला नेलं तर चप्पल-सँडलवाल्याला गेटवरच थांबवतात. इस्त्रीचा साधा शर्ट, टाय नको. आदल्या रात्रीच पुण्यात किंवा भोसरीत कुणाकडे तरी मुक्कामाला ये. तळेगाव-चाकण रस्ता शिफ्ट सुटायच्या वेळी तासन्‌तास तुंबतो, आणि नाशिक हायवेला चाकणच्या चौकातही वेगळं चित्र नसतं. कंपनी महाळुंगेला आहे, निघोजेला की खराबवाडीला, हे आधी विचारून घे, ‘चाकण एमआयडीसी’ या एका नावाखाली बराच मुलूख येतो.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतील तेव्हा लाजू नकोस. विचार: मी कंपनीच्या रोलवर (थेट कंपनीचा कर्मचारी) असेन, अप्रेंटिस म्हणून की कंत्राटदाराकडे? मुदत किती, त्यानंतर काय? बस आणि कँटीन आहे का, नाइट शिफ्ट कशी? आकडा विचारला तर ‘कंपनीचा ट्रेनीचा जो नियम असेल तो’ म्हणणं ठीक आहे. तुझ्या जागी मी घासाघीस केली नसती. आणि बोलावणं एखाद्या कन्सल्टन्सीकडून आलं असेल, तर रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म डिपॉझिट, मेडिकल अशा कुठल्याही नावाखाली पैसे मागितले तरी एक रुपया देऊ नकोस. कंपनीच्या गेटचा किंवा एचआरचा नंबर शोध आणि त्या तारखेला मुलाखती खरंच आहेत का, एवढं थेट त्यांनाच विचार.