मातीत धावणारी गो-कार्ट: सुटे भाग आणि सुधारणा

या वेळी सीमाभागातून आलेल्या पत्रांत ऑफ-रोड गो-कार्टविषयीचे प्रश्न अधिक आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न: गोव्याकडून मी एक जुनी ऑफ-रोड गो-कार्ट विकत घेतली. तिला दोरी ओढून सुरू करायचे साडेसहा हॉर्सपॉवरचे पेट्रोल इंजिन, सेंट्रिफ्यूगल क्लच आणि चेन आहे. बनवणाऱ्याचे नाव कोठेही राहिलेले नाही. शेताकडचा चढ चढताना क्लचमधून धूर येतो, चेन वारंवार तुटते आणि मागच्या ॲक्सलचे एक बेअरिंग खडखडते. बेळगावातील दुकानांत भाग मागितला की "कोणत्या गाडीचा?" असे विचारतात आणि मला काही सांगता येत नाही. भाग कोठे मिळतील? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर: दुकानदाराचा प्रश्न त्याच्या जागी योग्य आहे, कारण दुचाकीच्या दुकानातील सगळा माल गाडीच्या नावाने मांडलेला असतो. तुमच्या कार्टला मात्र तिचा स्वतःचा म्हणावा असा सुटा भाग जवळजवळ नाहीच. ज्याने ती बनवली त्याने इंजिन एका धंद्यातून, चेन दुसऱ्यातून आणि बेअरिंग तिसऱ्यातून उचलले आहे. तेव्हा प्रत्येक भाग ज्या धंद्यातला आहे त्याच धंद्याच्या दुकानात आणि मापासह मागावा लागेल. त्यासाठी पहिली खरेदी एका बऱ्यापैकी व्हर्निअर कॅलिपरची करा. जुना भाग पुसून पिशवीत घालून सोबत नेणे हेही तितकेच उपयोगाचे असते.

इंजिनापासून सुरुवात करू. वर्णनावरून ते १९६ सीसीचे, म्हणजे ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ५४ मिमी स्ट्रोकचे (पिस्टनच्या एका फेरीच्या लांबीचे) असावे. होंडाच्या जीएक्स २०० या इंजिनाची हीच मापे आहेत आणि त्याच आराखड्यावर चीनमध्ये बनलेल्या इंजिनांवर बहुधा १६८एफ-१ अशी किंवा तिच्याशी मिळतीजुळती खूण असते. या जातीची इंजिने आपल्याकडे पाण्याच्या पंपांवर, पॉवर विडरवर आणि बांधकामावरच्या व्हायब्रेटरवर सर्रास दिसतात. म्हणून दुचाकीचे दुकान सोडून शेती-अवजारांची दुरुस्ती करणाऱ्याकडे जा. कार्ब्युरेटर, रिकॉइल स्टार्टरची दोरी आणि स्प्रिंग, गॅस्केट, गव्हर्नरची स्प्रिंग हे सगळे तेथे मिळण्याची शक्यता अधिक. स्पार्क प्लग बीपीआर६ईएस क्रमांकाचा असतो आणि त्याचे अंतर ०.७ ते ०.८ मिमी ठेवतात.

क्लच विकत घेण्यापूर्वी इंजिनाचा बाहेर आलेला शाफ्ट मोजा. या इंजिनांत दोन मापे प्रचलित आहेत: पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी, आणि २० मिमी. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. पाऊण इंची क्लच २० मिमीच्या शाफ्टवर चढत नाही, आणि मग कोणीतरी कानस हातात घेतो. तसे करू देऊ नका. घासलेला शाफ्ट क्लचला सरळ धरत नाही. क्लच डगमगत फिरतो आणि चेन तुटण्याचे ते एक कारण होऊन बसते.

चेन तुटण्याचे दुसरे कारण म्हणजे चेन आणि स्प्रॉकेट (तिचे दातेरी चक्र) यांची बेमेळ जोडी. चेनवरील आकड्यांत तिचे माप दडलेले असते. ४२० आणि ४२८ या दोन्ही चेनचे पिच, म्हणजे दोन पिनांमधले अंतर, १२.७ मिमीच आहे, पण ४२० ची आतली रुंदी ६.३५ मिमी आणि ४२८ ची ७.९४ मिमी असते. कार्टवर बहुधा ४२० किंवा तिच्याशी जवळजवळ जुळणारी ४१ क्रमांकाची चेन येते. आपल्या बाजारात मात्र शंभर ते दीडशे सीसीच्या दुचाकींमुळे ४२८ च सगळीकडे मिळते. ती ४२० च्या स्प्रॉकेटवर चढते खरी, पण बाजूला हलत राहते आणि दात एका अंगाने खाते. एक तर ४२० चीच चेन मागवा, नाहीतर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच ४२८ ची करा. पुढच्या स्प्रॉकेटच्या पाठीला सरळ पट्टी लावून ती मागच्या स्प्रॉकेटवर सपाट टेकते का, हेही पाहा. चेनच्या मध्यभागी बोटाने दाबल्यावर ती दहा-पंधरा मिलिमीटर खाली-वर व्हावी.

बेअरिंगचे काम त्या मानाने सोपे आहे. कार्टचा ॲक्सल सहसा पायावर बोल्टने बसणाऱ्या ब्लॉक बेअरिंगमध्ये फिरतो. मळणी यंत्रे, चरक आणि पिठाच्या गिरण्या यांवरही हेच ब्लॉक असतात. निपाणी किंवा संकेश्वरच्या बेअरिंग दुकानात ते अनोळखी नाहीत. अडचण येथेही मापाचीच, अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरकाची आहे: यूसीपी २०५ या क्रमांकाच्या ब्लॉकचे भोक २५ मिमी असते आणि परदेशी कार्टचा ॲक्सल अनेकदा एक इंच, म्हणजे २५.४ मिमी असतो. त्यासाठी यूसीपी २०५-१६ असे मागावे लागते.

राहिला धूर. या क्लचच्या आतील शू वेग वाढला की बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात, आणि ही पकड साधारण दोन हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास सुरू होते. चढावर इंजिन त्या वेगाच्या वर जाऊच शकले नाही, तर शू घसरत राहतात आणि जळतात. ड्रम काढून पाहा; त्यावर निळी झाक आली असेल तर तो तापून गेलेला आहे. नवा क्लच बसवला तरी तोच चढ आणि स्प्रॉकेटचे तेच दात राहिले तर तोही जळेल. जांबोटी-कणकुंबीकडच्या चढांसाठी दोन मार्ग आहेत. स्वस्त मार्ग म्हणजे मागचे स्प्रॉकेट मोठे करणे. खर्चिक पण माझ्या मते योग्य मार्ग म्हणजे क्लचच्या जागी पट्ट्यावर चालणारा ३० सीरिजचा टॉर्क कन्व्हर्टर बसवणे. त्यातील पुली आपोआप व्यास बदलतात आणि गुणोत्तर सुरुवातीच्या २.७ पासून वेगात ०.९ पर्यंत येते, म्हणजे चढावर गिअर बदलल्याचा परिणाम मिळतो. हा भाग ऑनलाइनच मागवावा लागेल. पट्टा ओला झाला की घसरतो. त्यामुळे पावसाळी चिखलात त्यावरचे झाकण काढून फिरू नका.

जो भाग कोठेच मिळत नाही तो बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बनवून घेता येतो. फाऊंड्री, लेथ आणि हायड्रॉलिक्सचे काम करणारे कारखाने तेथे इतके आहेत की स्प्रॉकेटचा हब किंवा ॲक्सलचा स्लीव्ह हे कोणत्याही चांगल्या टर्नरसाठी किरकोळ काम ठरते. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगरही या कामासाठी दूर नाही. नेताना कागदावर चित्र काढून प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये लिहा आणि कोणते माप घट्ट बसायला हवे व कोणते सैल, हे स्पष्ट नोंदवा. तोंडी सांगितलेले काम कन्नडमध्ये सांगा की मराठीत, चुकायचे ते चुकतेच.

प्रश्न: आम्ही डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांनी १९६ सीसी इंजिनाची कार्ट बनवली आहे. मागचे टायर १८ इंची, पुढचे स्प्रॉकेट १० दातांचे आणि मागचे ६० दातांचे आहे. वेग पन्नासच्या पुढे फारसा जात नाही. २१ इंची टायर लावून गव्हर्नर काढावा असे आमचे मत आहे. गॅरेजवाले पल्सरचे इंजिन बसवा म्हणतात. आधी काय करावे? (विद्यार्थी, निपाणी)

उत्तर: आधी ब्रेक. त्याचे कारण थोड्या गणितानंतर सांगतो.

गव्हर्नर इंजिनाला सुमारे ३६०० आरपीएमवर धरतो. तुमचे गुणोत्तर सहा आहे, म्हणजे ॲक्सल मिनिटाला ६०० फेरे घेतो. १८ इंची टायरचा परीघ साधारण १.४४ मीटर, त्यावरून वेग ताशी ५२ किलोमीटरच्या आसपास येतो. याचा अर्थ इंजिनात बिघाड नाही. ते गव्हर्नरच्या मर्यादेपर्यंत व्यवस्थित पोहोचते आहे. २१ इंची टायर लावले तर कागदावर वेग ६० होईल, पण जमिनीवरची ओढ सुमारे १४ टक्क्यांनी घटेल, आणि चढावर किंवा उसाच्या फडाजवळच्या मऊ मातीत तो कागदावरचा वेग कधी दिसणारच नाही. ओढ पूर्ववत हवी असेल तर मागे ७० दातांचे स्प्रॉकेट लागेल आणि वेग पुन्हा ५२ वर येईल. मोठ्या टायरचा खरा फायदा ॲक्सल जमिनीपासून उंच राहण्यात आहे. तो हवा असेल तर टायर बदला. वेगासाठी बदलू नका.

गव्हर्नर काढण्याबाबत माझे मत ठाम आहे. पिस्टनला मागे-पुढे ओढताना कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३६०० ऐवजी ५००० आरपीएमवर तो जवळजवळ दुप्पट होतो. या इंजिनात रॉड ओतीव ॲल्युमिनिअमचा असतो, तेलाचा पंप नसतो आणि रॉडच्या टोकावरची पट्टी जे तेल उडवते त्यावरच सगळे चालते. फ्लायव्हील ओतीव लोखंडाचे असते आणि ते मर्यादेबाहेर फिरवले तर फुटू शकते. कार्टमध्ये इंजिन कोठे असते, हे आठवा: चालवणाऱ्याच्या पाठीशी. भरीव धातूतून कोरलेला रॉड आणि तसेच फ्लायव्हील बसवल्याशिवाय गव्हर्नरला हात लावू नये, आणि ते दोन्ही घेण्याइतके पैसे असतील तर ते दुसरीकडे चांगले लागतील.

दुचाकीचे इंजिन ही कल्पना त्या मानाने समंजस आहे. त्यात तेलाचा पंप, गिअरबॉक्स आणि क्लच एकत्र मिळतात आणि भाग गावोगावी आहेत. पण ते हवेने थंड होणारे इंजिन सीटमागे आडोशाला बसवले की त्याला समोरचा वारा लागत नाही. पंखा किंवा हवा वळवणारा पत्रा लागतो. त्याला रिव्हर्सही नसतो, आणि चिखलात रुतलेली कार्ट उतरून ढकलावी लागल्यावर त्याची किंमत कळते. बाजा एसएई इंडियाच्या स्पर्धेसाठी गाड्या बनवणारे अनेक विद्यार्थी संघ ३०५ सीसीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिनाला महिंद्रा अल्फा या तीनचाकीचा गिअरबॉक्स जोडत आले आहेत, कारण त्यात रिव्हर्स तयार मिळतो. भंगारातून इंजिन किंवा गिअरबॉक्स घेताना इंजिन क्रमांक लिहिलेली पावती घ्या. पावती नसलेला स्वस्त माल चोरीचा निघाला तर महाविद्यालयापर्यंत चौकशी येते.

आता ब्रेक. ५२ वरून ६० वर गेल्यास थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते. बहुतेक घरगुती कार्टना ड्रमभोवती आवळणारा पट्ट्याचा ब्रेक असतो. तो ओला झाला की धरत नाही, आणि काही ठिकाणी तर तो क्लचच्या बाजूला बसवलेला असतो, म्हणजे चेन तुटली की ब्रेकही गेला. मागच्या चाकाला डिस्क असलेल्या दुचाकीचा ब्रेक कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारा भाग), डिस्क आणि पायाने दाबायचा मास्टर सिलिंडर (ब्रेकचे तेल ढकलणारा भाग) असा पूर्ण संच घ्या. हँडलवरचा मास्टर सिलिंडर पायाखाली बसवण्याचा उद्योग नको. डिस्कचा हब लेथवर ॲक्सलच्या मापाने करून घ्या आणि त्याला चावी (हब ॲक्सलवर फिरू नये म्हणून खोबणीत बसवायचा तुकडा) द्या. नुसत्या स्क्रूच्या भरवशावर डिस्क ठेवू नका.

प्रश्न: चिकोडीकडच्या काळ्या मातीत टायर चिखलाने भरून गुळगुळीत होतात आणि उन्हाळ्यात एअर फिल्टर लगेच बुजतो. (शेतकरी, चिकोडी तालुका)

उत्तर: टायरच्या नक्षीत दांडे कमी आणि अंतर जास्त असावे, म्हणजे फिरताना माती झटकली जाते. हवा थोडी कमी ठेवल्यास पकड वाढते. फिल्टर फोमचा घ्या. रॉकेलऐवजी साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, तेलात भिजवून घट्ट पिळा आणि मगच बसवा. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही.

प्रश्न: माझा चौदा वर्षांचा मुलगा शेतावर कार्ट चालवतो. आता गावच्या रस्त्यावरून मित्राच्या शेतापर्यंत नेण्याचा हट्ट धरतो. चालेल का? (एक पालक, बेळगाव तालुका)

उत्तर: चालणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही, आणि घरी बनवलेल्या कार्टची नोंदणी होणार नाही. केवळ बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर ठेवलेले आहे. तुमची मोकळीक तेवढीच. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. कार्ट टेम्पोत घालून न्या. खानापूरकडे जाणार असाल तर भीमगड अभयारण्याच्या आणि राखीव जंगलाच्या हद्दीत विनापरवाना शिरू नका.

शेतावरही चेन आणि स्प्रॉकेटवर पत्र्याचे पूर्ण आवरण असलेच पाहिजे. स्कार्फ, ओढणी किंवा मोकळे केस फिरत्या ॲक्सलमध्ये जाऊन झालेले अपघात जीवघेणे ठरतात. ॲक्सलरेटरला परतीच्या दोन स्प्रिंग लावा, पेडलखाली खिळ बसवून त्याचा प्रवास मर्यादित करा आणि इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी मुलाच्या मनगटाला बांधा.

प्रश्न: पावसाळ्यात चार महिने कार्ट बंद असते. नंतर सुरू होत नाही. (एक वाचक, लोंढा)

उत्तर: पंपावरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच भागातील उसातून आलेले असले तरी या छोट्या इंजिनांना फारसे मानवत नाही. जीएक्स २०० सारख्या इंजिनाच्या पुस्तिकेत १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, पाणी तळाशी बसते आणि कार्ब्युरेटरचे जेट बुजतात. मृगाच्या आधी टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढा. प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोरी हळू ओढून ते पसरू द्या, प्लग परत लावा आणि दोरी जड लागेल तेथे थांबा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहून आत दमट हवा शिरणार नाही. पेट्रोलची रबरी नळी दाबून पाहा. चिकट किंवा कडक लागली तर इथेनॉलला टिकणारी नवी नळी घाला.