तुझ्या लेव्हलमध्ये मी कुठे अडकलो

प्रिय मित्रा,

तू बनवून पाठवलेली गेमची लेव्हल, म्हणजे खेळाचा तो एक टप्पा, शेवटपर्यंत खेळलो. उलटसुलट दिशांनी सरकणाऱ्या दोन प्लॅटफॉर्मचा, म्हणजे उभं राहायच्या फळ्यांचा, भाग तर मुद्दाम परत खेळलो. ती कल्पना तुझी स्वतःची आहे, आणि लेव्हलचा जीव तिच्यातच आहे.

ते प्लॅटफॉर्म पहिल्यांदा येतात तेव्हा खाली जमीन असते. उडी चुकली तर पडायचं आणि पुन्हा चढायचं, एवढंच. त्यामुळे ते कसे सरकतात हे मरायच्या आधीच कळतं. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या गेमची पहिली लेव्हल अशीच शिकवते. गूम्बा नावाचा पहिला शत्रू समोरून चालत येतो आणि एकही सूचना न वाचता कळतं की इथे उडी मारायची. तुला हे आपसूक जमलंय, याचा मला फार आनंद झाला.

पण पुढे तू ती कल्पना वाऱ्यावर सोडलीस. आधी लेझर, मग बर्फ, मग किल्ल्या. मला मात्र तेच दोन प्लॅटफॉर्म पुन्हा हवे होते: आता खाली जमीन नाही, मग दोघांपैकी एक मध्येच गायब होतो, मग तिसरा येऊन लय बिघडवतो. जे नुकतं शिकलो त्यालाच नवा पेच पडला की खेळणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं. खेळाडूंनी बनवलेल्या ज्या लेव्हल लोक आवडीने परत खेळतात, त्यांपैकी बऱ्याच अशा एकाच कल्पनेवर उभ्या असतात. लेव्हल बनवायच्या एडिटरमध्ये आहे ते सगळं वापरायलाच हवं असं नाही.

आता त्या लपवलेल्या काट्यांबद्दल. अवघड असणं वेगळं आणि अन्याय्य असणं वेगळं. मेल्यावर ‘पुढच्या वेळी काय वेगळं करायचं’ हे खेळणाऱ्याला सुचलं, तर लेव्हल अवघड आहे. ‘हे मला कळणार तरी कसं होतं?’ असं वाटलं, तर ती अन्याय्य आहे. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’च्या कायझो हॅकमध्ये, म्हणजे चाहत्यांनी मुद्दाम अतिअवघड केलेल्या आवृत्त्यांमध्ये, अदृश्य ठोकळे असतात हे खरं, पण तिथे लोक तसलेच सापळे अंगावर घ्यायला येतात. तू वर्णनात ‘सोपी’ लिहिलंयस. २०१८ चा ‘सेलेस्ट’ हा गेम अतिशय अवघड आहे, तरी तो छळत नाही. मेलात की क्षणात त्याच खोलीत परत उभे, आणि कड्यावरून पाय सुटल्यावरही अगदी थोडा वेळ उडी मान्य होते. तुझा चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते ती जागा, लिफ्टच्या आधी आहे, म्हणून प्रत्येक मरणानंतर मी लिफ्टची वाट बघत उभा. तेवढ्या वेळात राग जमतो. चेकपॉइंट लिफ्टच्या वर ने.

हे तुझ्या नजरेतून का सुटलं असेल? उत्तर तुला आधीच ठाऊक होतं म्हणून. खेळाडूंना लेव्हल बनवू देणाऱ्या २०१५ च्या ‘सुपर मारिओ मेकर’मध्ये स्वतः पूर्ण केल्याशिवाय लेव्हल अपलोडच होत नसे. नियम चांगलाच होता, पण त्यातून सिद्ध व्हायचं ते इतकंच की लेव्हल पार होऊ शकते. काटे कुठे आहेत हे बनवणाऱ्याला पाठ असतं. तेव्हा ज्याने ती पाहिलेली नाही अशा कुणाला तरी खेळायला बसव आणि तू गप्प राहा. खरंच गप्प. ‘तिकडून नाही, इकडून’ असं एकदा जरी बोललास तरी ती चाचणी वाया गेली. तो कुठे थबकतो, कुठून मागे फिरतो, कुठल्या भिंतीला वाट समजून धडकतो, ते लिहून काढ. खेळून झाल्यावर तो ‘मस्त आहे’ म्हणेल, कारण तू त्याला आवडतोस. त्या शब्दांपेक्षा तो जिथे थबकला त्या जागा महत्त्वाच्या. आणि तुझ्या ध्यानीमनी नसलेली पळवाट त्याने शोधली, तर ती लगेच बुजवू नकोस. ती सापडल्यावर त्याचा चेहरा खुलला का ते आधी बघ.

तू मॉडबद्दल, म्हणजे तयार गेममध्ये फेरफार करून केलेल्या आवृत्तीबद्दल, विचारलं होतंस. तिथेही भर घालण्यापेक्षा एखादा नियम बदलण्यात जास्त ताकद असते. १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी ‘हाफ-लाइफ’ या गोळीबाराच्या गेमवर ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मॉड केला. त्यात एकदा मेलात की फेरी संपेपर्यंत बाहेर, म्हणून साधा दरवाजा ओलांडतानाही छाती धडधडते. ‘स्कायरिम’ या गेमचा ‘द फरगॉटन सिटी’ हा २०१५ चा मॉड तर मला फारच आवडतो. त्या शहरात एकाने गुन्हा केला की सगळे मरतात. एरवी दिसेल ते खिशात घालणारा खेळाडू तिथे प्रत्येक वस्तूपाशी विचार करतो. जुन्या गेमने लावलेल्या सवयीवरच त्या मॉडने बोट ठेवलं. २०२१ मध्ये त्याचा स्वतंत्र गेमही झाला. तुला मॉड करायचा असेल तर आधी त्या गेमच्या खेळाडूंचे हात आपोआप काय करतात ते बघ. दुसऱ्याचं चित्र किंवा आवाज वापरलास तर परवानगी घे आणि नाव दे, हे सांगायला नकोच.

आता बर्फ आणि किल्ल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेव, त्यांची स्वतंत्र लेव्हल होईल. ही पुन्हा बांध, कुणाला तरी खेळायला दे, आणि नवी फाइल त्या नोंदींसकट मला पाठव. नोंदी मी आधी वाचेन.

तुझा स्नेही