पोस्ट पालावर परत येते

प्रिय मैत्रीण,

अनेक आशीर्वाद.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या आपल्या वसतिगृहाला मदत मागणाऱ्या पोस्टचे तू पाठवलेले तिन्ही मसुदे वाचले. भाषा साधी आहे, चांगली आहे. पण दुसऱ्यातला फोटो काढून टाक. उसाच्या फडाशेजारी धाकट्या भावाला कडेवर घेतलेली मुलगी, पिंजारलेले केस, आणि खाली ओळ : ‘हिचं बालपण कोण परत देणार?’ त्यावर पैसे येतील, मला ठाऊक आहे.

२०१६ साली मीही असाच फोटो फेसबुकवर टाकला होता. देणग्या आल्या, शाबासकीही मिळाली. हंगाम संपवून टोळी गावी परतली, तोवर तो फोटो व्हॉट्सॲपवरून फिरत त्यांच्याच गावात पोचला होता. मुलीची आई मला म्हणाली, “ताई, त्या दिवशी पाणी नव्हतं आलं. सांगितलं असतं तर दुपारी न्हाऊ घातलं असतं की तिला.” मला काही बोलता आलं नाही.

आपल्याला वाटतं, पोस्ट पुण्या-मुंबईच्या देणगीदारासाठी असते. पण दसऱ्यानंतर बीडहून निघणाऱ्या टोळ्यांत आता हातोहाती फोन आहेत. दिवसभर मोळ्या वाहून आलेली माणसं रात्री पालात तुझी पोस्ट बघणार आहेत. त्यामुळे टाकण्याआधी मजकूर त्यांना वाचून दाखव. नुसता हातात देऊ नकोस, मोठ्यानं वाच आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. सही घेतली की संमती झाली, असं मानू नकोस. आगाऊ पैशांची उचल घेताना टोळीच्या मुकादमाच्या कागदावरही टोळीतली बाई अंगठा देतेच. अत्याचाराला बळी पडलेलं किंवा बालगृहातलं मूल असेल, तर विचारण्याचाही प्रश्न नाही. त्याची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं बंदी आहे.

मग दाखवायचं काय, असं तू विचारशील. पाणी फाउंडेशनची गावागावांतल्या जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोचली. त्यांच्या व्हिडिओंतून माझ्या डोळ्यांसमोर राहिली ती कुदळ-फावडी घेऊन चर खणणारी माणसं. ती बघून शहरातले लोक १ मेला श्रमदानाला गेले. दया आली म्हणून नव्हे, आपणही हात लावावा असं वाटलं म्हणून. आपल्या हंगामी वसतिगृहाचंही तसंच सांग. यंदा गावातून किती कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, गेले, किती मुलं शाळेसाठी मागे राहिली, त्यांच्या जेवणाला महिन्याला काय लागलं, स्वयंपाक कोण करतं. हे सगळं तुझ्याच रजिस्टरमध्ये आहे, आणि ते खरं आहे.

प्रत्येक आवाहनावर तारीख घालत जा. ऑगस्ट २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात जुन्या कपड्यांचे ढीग साचत होते आणि घरातला गाळ काढायला खराटे, फावडी, फिनेल मिळत नव्हतं. पहिल्या दिवसाचा निरोप दहाव्या दिवशीही फिरत होता. गरज भागली की ‘आता पाठवू नका’ असंही तितक्याच ठळकपणे लिहायचं असतं.

संस्थेच्या गटावर आलेला ‘मुलं पळवणारी टोळी’ छापाचा निरोप कधीही पुढे ढकलू नकोस. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेनं पाच माणसांचा जीव घेतला. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती, पोटासाठी गावोगाव फिरणारी. आपली माणसंही परक्या गावाबाहेर पाल ठोकून राहतात, हे विसरू नकोस.

पैशाचं थोडक्यात. तुझ्या पोस्टवरचा क्यूआर कोड अमेरिकेतल्या मराठी मंडळातही पोचेल. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या कमाईतून दिलेलं चालतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचा पैसा मात्र एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही, मग तो कितीही आपला माणूस असो. हे पोस्टमध्येच लिही. आणि ज्या पानावर मागितलं, त्याच पानावर हिशेब टाक. कमी जमले असतील तरी.

ती फोटोतली मुलगी आता कॉलेजात आहे. हे पत्र लिहिण्याआधी तिला फोन केला, तुझी गोष्ट एका नव्या कार्यकर्तीला सांगू का म्हणून विचारलं. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सांगा ताई. नाव नका लिहू, गावही नको.”

दुसरा मसुदा नव्यानं लिहून पाठव. मी वाट बघते.

तुझी,
ताई