‘आजीसाठी आभारी’ की ‘आजी होती म्हणून’?

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका मराठी घरातून आला आहे. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरमधल्या कृतज्ञतेच्या सणाच्या, दिवशी जेवण वाढण्याआधी घरातल्या प्रत्येकाने वर्षभरातली एखादी गोष्ट कृतज्ञतेने सांगायची, अशी त्यांची पद्धत. यंदा आजी-आजोबा आले आहेत, म्हणून सगळ्यांनी मराठीतच बोलायचं ठरलं. मुलं ‘मी आरोग्यासाठी आभारी आहे’, ‘मी आजीसाठी आभारी आहे’ असा सराव करू लागली आणि आईला ते खटकलं. मग म्हणायचं कसं?

खटकलं ते योग्यच. ‘साठी’ची नजर पुढे असते: परीक्षेसाठी अभ्यास, आजीसाठी चहा. होऊन गेलेल्या गोष्टीला ‘बद्दल’ लागतो. हा शब्द अरबी ‘बदल’वरून आपल्याकडे आला. तुम्ही मदत केलीत, तिच्या बदल्यात माझे आभार, ही देवघेव त्यात अजून ऐकू येते. म्हणून ‘मदतीबद्दल आभारी आहे’ हे बरोबर.

पण ‘आरोग्याबद्दल आभारी आहे’ म्हटलं तरी वाक्य लंगडतंच, कारण आभार कुणाचे तरी मानायचे असतात. ‘कुणाचे?’ याचं उत्तर नसेल तर मराठी कानाला चुकल्यासारखं वाटतं. इंग्रजीत नाव न घेता भागतं. या सणात मात्र एके काळी ते नाव स्पष्ट घेतलं जाई. अब्राहम लिंकन यांनी १८६३ साली नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला तो देवाचे उपकार मानण्यासाठी आणि त्याची स्तुती करण्यासाठी. (चौथा गुरुवार १९४१च्या कायद्याने ठरला.) मराठी ख्रिस्ती समाजात याच भावनेला ‘उपकारस्तुती’ हा शब्द रुळलेला आहे. मराठी बायबलच्या स्तोत्रांत ‘उपकारस्मरण’ही भेटतो. मला हे दोन्ही शब्द फार आवडतात, आणि चर्चबाहेर ते इतके कमी ऐकू येतात याचं वाईट वाटतं. सणाचं नाव मात्र थँक्सगिव्हिंगच राहू द्या. ‘आभारप्रदर्शन’ तर नकोच, त्याने सभेतला शेवटचा वक्ता डोळ्यांसमोर येतो.

आता आजीचं. आजीला ‘मी तुझा आभारी आहे’ म्हटलं तर ती म्हणेल, ‘आभार कसले मानतोस, मी काय परकी आहे?’ आपल्याकडे घरच्या माणसाशी ‘आभार’ अंतर पाडतो. याचा अर्थ मराठी घरात कृतज्ञता बोलली जात नाही असा नाही. ती ‘म्हणून’ने बोलली जाते. ‘वहिनी धावून आल्या म्हणून बाळंतपण निभावलं.’ ‘तू होतास म्हणून मी त्या दिवसांत तग धरला.’ ‘बरं झालं बाई तू आलीस!’ यात आभाराचा एकही शब्द नाही, तरी ऐकणाऱ्याचे डोळे भरतात. काय केलं आणि त्याने काय झालं, दोन्ही सांगितलं जातं. ‘कृतज्ञ’चा अर्थ तरी दुसरा काय आहे? केलेलं जाणणारा.

मोठ्यांना याहून खोल बोलायचं असेल तर ‘उपकार’, ‘ऋण’, ‘उतराई’ आहेत. तुकाराम महाराज ‘काय सांगों आतां संतांचे उपकार’ म्हणतात आणि पुढे उतराई होण्यासाठी पायी जीव ठेवला तरी तो थोडाच, असं सांगतात. आजोबांनी हा अभंग म्हटला तर जेवणाआधी आणखी काही लागणार नाही. पण आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘मी ऋणी आहे’ घालू नका, ते पाठ केलेलंच वाटेल.

त्याला म्हणू द्या, ‘आजी आली म्हणून मला रोज गरम पोळी मिळाली.’ आरोग्याचं सांगायचं तर श्रद्धा असणाऱ्याने ‘देवाच्या दयेने यंदा सगळे धडधाकट आहोत’ म्हणावं. देवाचं नाव घ्यायचं नसेल त्याने ‘यंदा तब्येतीने साथ दिली’ म्हणावं. ‘मुळे’ही चालतो, पण तो भल्याबुऱ्या दोन्हींकडचा आहे: ‘तुझ्यामुळे पास झालो’ आणि ‘तुझ्यामुळे गाडी चुकली’. तेव्हा आवाजात माया असू द्या.

आणि मुलांना ‘तू कशाबद्दल कृतज्ञ आहेस?’ असं विचारलंत तर पाठ केलेलंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, ‘यंदा कोण होतं म्हणून तुझं बरं झालं?’